व्हय म्हाराजा म्हटल्याशिवाय पुढे नाही

६ जानेवारी

वैदेही मॅडमनी ही वही दिली. रोज चार ओळी लिहा म्हणाल्या. मी म्हटलं, मी काय शाळेतलं पोर? अठ्ठावीस वर्षं शाळेत शिपाई होतो. गृहपाठ केला नाही म्हणून वर्गाबाहेर काढलेल्या पोरांना मी पाणी पाजलंय. आता मलाच गृहपाठ. त्या हसल्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. परळच्या इस्पितळात बोलण्याच्या डॉक्टर आहेत. माझ्या जिभेला काही झालेलं नाही, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं. त्या म्हणाल्या, ते मला ऐकूच येतंय काका.

तर लिहितो. गणपत तावडे, वय बाहत्तर. भगवती निवास, तिसरा मजला, खोली नंबर एकोणीस, घोडपदेव. आधी मिल, सूत कातायचं रिंग खातं. मिल बंद पडली, मग शाळा. नोव्हेंबरात डोक्यात गुठळी अडकली. हातपाय सलामत, तोंड सरळ, भूक जशीच्या तशी. फक्त समोरचा लांब बोलायला लागला की शेवटी माझ्या हातात वाक्याचं शेपूट उरतं. डोकं कुठे गेलं ते कळत नाही.

यावरून चाळीत कोणी मला वेडा म्हणत असेल तर त्याने समोर येऊन म्हणावं.

९ जानेवारी

आज परीक्षा. टेबलावर रंगीत चकत्या मांडल्या. मॅडम म्हणाल्या, "काका, हिरव्या चौकोनाला हात लावायच्या आधी मोठा पिवळा गोल उचलून पांढऱ्या गोलाच्या खाली ठेवा."

मी हिरव्याला हात लावला. हिरवा पहिला ऐकला, लावला हात. पिवळा येईपर्यंत 'आधी' कुठेतरी सांडलं होतं. रागाने सगळ्या चकत्या एकत्र केल्या आणि म्हटलं, असं कोण बोलतं? बाजारात कोणी असं मासे मागतं का?

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शब्द तुमचे शाबूत आहेत. पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात धरून ठेवावी लागते. ती धरणारी मूठ लहान झालीये." हे मात्र मला एका दमात समजलं. रिंग खात्यात माझं कामच ते होतं. धागा तुटला की तुटलेलं टोक पकडायचं आणि सांधायचं. टोक सापडलं नाही तर कितीही हुशार माणूस असो, काय सांधणार? आणि आपल्या बोलण्यात तर 'आहे' की 'नाही' ते अगदी शेवटी येतं. तोवर जीव मुठीत धरून बसा.

नंतर त्यांनी आमच्या हिला एकटीला आत बोलावलं. चांगली वीस मिनिटं. मी बाहेर बाकड्यावर. आल्यावर विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काय नाय. तुमका भाजी खयची बरी, ता इचारत होती."

वीस मिनिटं भाजी!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाचे लाडू दगडासारखे झाले, पण ते दरवर्षीच होतात.

एक नवीन काळजी. हिला दम लागायला लागलाय. आधी रमाबाई तावडे बोलायला लागली की तळमजल्यापर्यंत ऐकू जायचं आणि मध्ये स्वल्पविराम नसायचा. आता एक साधी गोष्ट चार ठिकाणी थांबून सांगते. सकाळी आमच्या मुलाचं सांगत होती, "हितेंद्र... आज उशिरा येतलो..." मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, व्हय. मग म्हणाली, "तेचा जेवण... झाकून ठेवूचा..." परत बघत राहिली. मी म्हटलं, व्हय गो. मग म्हणाली, "तुमी मात्र... येळेर जेवा."

मला सगळं समजलं, पण तिची दया आली. एवढंसं बोलायला बाईला तीनदा श्वास घ्यावा लागतो. चार दशकं स्टोव्हच्या धुरात गेली. दमाच असणार.

२० जानेवारी

हिला जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. यायलाच तयार नव्हती. "माका काय झाला नाय," हे मात्र एका श्वासात म्हणाली. डॉक्टरने छातीला नळी लावली, पाठीला लावली, खोकायला लावलं. म्हणाला, आजींची छाती ठणठणीत. मी म्हटलं, नीट बघा, बोलताना धाप लागते. त्याने हिच्याकडे पाहिलं, हिने त्याच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "असू दे आजोबा. त्यांना थांबून थांबून बोलू द्या."

मला हा डॉक्टर कच्चा वाटतो.

२६ जानेवारी

चाळीची सत्यनारायणाची पूजा. गेली तेहेतीस वर्षं पूजेनंतरचं गाऱ्हाणं मीच घालतो. माझ्या आधी माझे वडील घालायचे. कोकणातून येताना माणसं पेटी-वळकटी आणतात, त्यांनी हे आणलं. एकाने देवाला मागणं सांगायचं, एकेक तुकडा करून, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक तुकड्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते आल्याशिवाय पुढचा तुकडा घ्यायचा नाही.

यंदा चिटणीस अवधूत सकाळीच घरी आला. तिशीतला पोर, नाक्यावर छपाईचं दुकान, बोलायला गोड. म्हणाला, "काका, यावेळी त्रास नको. गेल्या वर्षीचं तुमचंच रेकॉर्डिंग आहे मोबाइलवर. स्पीकरला जोडतो. आवाज तुमचाच."

मी म्हटलं, "मग नैवेद्यपण गेल्या वर्षीचाच दाखव."

उभा राहिलो. नारळावर हात ठेवला. "बा देवा म्हाराजा, आज ही भगवती निवासातली तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत..." व्हय म्हाराजा! "तेंनी जी काय येडीवाकडी सेवा केल्यानी, ती गोड मानून घे..." व्हय म्हाराजा! कुठेही अडलो नाही. शेवटपर्यंत एक धागा तुटला नाही. शेजारचा बाबुराव म्हणाला, कोण म्हणता गणपतचा डोक्या गेला? ज्यांनी म्हटलं होतं त्यांनी प्रसाद खाताना माना खाली घातल्या. मी मुद्दाम प्रत्येकाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

एक मात्र लिहून ठेवतो. गाऱ्हाणं चालू असताना मागच्या रांगेत दोघेजण क्रिकेट बघत होते. तेही बरोबर वेळेवर व्हय म्हाराजा म्हणत होते.

३० जानेवारी

मॅडमना विचारलं, चकत्यांत नापास होतो आणि गाऱ्हाण्यात पास, हे कसं? त्या म्हणाल्या, गाऱ्हाणं पाठ आहे. पाठ असलेलं वेगळ्या कप्प्यात असतं. नवीन वाक्य आलं की ते मुठीतच धरावं लागतं.

मला पटलं नाही. पाठ तर आहेच. पण शिवाय मधला 'व्हय' आहे ना! तेवढ्यात श्वास घेता येतो, मागचा तुकडा खाली बसतो, मग पुढचा उचलायचा. मी म्हटलं, तुमचं चकत्यांचं वाक्य गाऱ्हाण्यासारखं घाला बघू. त्यांनी घातलं. "मोठा पिवळा गोल उचला..." मी म्हटलं व्हय म्हाराजा. "पांढऱ्याच्या खाली ठेवा..." व्हय म्हाराजा. "मग हिरव्याला हात लावा." लावला!

हा माझा शोध आहे. मॅडम म्हणाल्या, "छान काका. घरीही असंच बोलत जा." ही बाजूला बसून पदराला गाठी मारत होती. मी तिला म्हटलं, बघितलंस? डोकं लागतं. ती म्हणाली, "व्हय तर."

९ फेब्रुवारी

आज चार ओळींत मावणार नाही.

चाळ पाडून नवी इमारत बांधायची बोलणी वर्षभर चालू आहेत. आता बिल्डरचा करारनामा आलाय. दोन मार्चला सभा. वकील वाचून दाखवणार, मग प्रत्येक खोलीवाल्याने संमतीची सही करायची.

अवधूत आणि आमचा हितेंद्र दोघे मिळून माझ्यासमोर बसले. हितेंद्र लोअर परळला ऑफिसात कामाला आहे, स्वतः बेचाळीस वर्षांचा, तरी अवघड बोलायचं असलं की नखं खातो. अवधूत काहीतरी लांबलचक बोलला. मला एवढंच हाताला लागलं: "...म्हणून मुखत्यारपत्र."

मी म्हटलं, परत सांग, तुकडे करून.

हितेंद्रने सांगितलं. "बाबा, वकील म्हणतो, सही करणाऱ्याला मजकूर समजला पाहिजे. तुम्हाला समजत नाही असं मॅडमनी लिहून दिलं, तर तुमच्या वतीने मी सही करीन. उगाच नंतर भानगड नको."

मी विचारलं, "खोली कोणाच्या नावावर?"

"तुमच्या."

"मग सही कोणाची?"

अवधूत म्हणाला, "काका, भावनेचा प्रश्न नाहीये, प्रोसिजर आहे."

मी उभा राहिलो. म्हटलं, या खोलीत माझ्या बापाने बिऱ्हाड मांडलं. या खोलीत मी संपाचं वर्ष काढलं. आणि आता माझ्याच पोराने कागदावर लिहून घ्यायचं की बापाला बोलणं समजत नाही? आज सही गेली, उद्या म्हणतील मत देऊ नको, परवा म्हणतील बोलूच नको. मी जिवंत असेपर्यंत एकोणीस नंबरची सही गणपत तावडे करणार. चालते व्हा.

अवधूत चालता झाला. हितेंद्र कुठे जाणार, त्याचंच घर. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. पाठमोरा होता. खांदे हलत होते. सर्दी झाली असेल, हल्ली हवा वाईट आहे.

११ फेब्रुवारी

हितेंद्रशी अबोला. मी सुरू केलाय, मीच चालवणार.

१८ फेब्रुवारी

हितेंद्र सुट्टी काढून इस्पितळात आला. मुखत्यारपत्राचा मसुदा पिशवीत होता, मी पाहिला. मॅडमना म्हणाला, रिपोर्ट द्या.

मॅडमनी तिथेच लिहून दिला. मग मोठ्याने वाचला, माझ्याकडे बघत, थांबत थांबत. "यांची समज शाबूत आहे. लांब वाक्य एका दमात सांगितल्यास सुरुवातीचा भाग निसटतो. तुकड्या-तुकड्याने सांगितल्यास संपूर्ण समजते व निर्णय घेता येतो."

मी म्हटलं, याला फ्रेम करा.

हितेंद्रने कागद दोनदा वाचला. मग मॅडमना म्हणाला, "मी घाबरलो होतो. त्या दिवशी बाबा माझ्या मुलीचं नाव विसरले." मॅडम काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. नाव विसरलो त्या दिवशी नात शाळेच्या सहलीला निघाली होती आणि चौघेजण एकदम बोलत होते. त्या गलक्यात देवाचं नाव विसरलो असतो. पण हितेंद्र घाबरला होता हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, त्याला खोली पाहिजे.

येताना त्याने लालबागला मला फरसाण घेऊन दिलं. अबोला तात्पुरता स्थगित.

१ मार्च

उद्या सभा. अवधूतने जिन्यात गाठलं. म्हणाला, "काका, रिपोर्ट तुमचा, पण उद्या मध्ये मध्ये थांबवू नका हां. साठ खोल्या आहेत. सगळ्यांना समजतंय."

आपण बघूच.

३ मार्च

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं लिहितो. हात दुखला तरी लिहितो.

चाळीच्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. बिल्डरकडून समोसे. बायका नेहमीसारख्या मागे. वकील तरुण, केस चापून बसवलेले. तो वाचायला लागला. "सदर इमारतीतील अधिकृत भाडेकरू तथा रहिवासी यांनी..." आणि जो निघाला, तो थांबेचना. पान उलटलं तरी तेच वाक्य चालू. लोक माना डोलवत होते. बाबुराव तर डोळे मिटून डोलवत होता. पान पुन्हा उलटलं. मग तो 'येत आहे' म्हणून थांबला आणि पाणी प्यायला.

मी उभा राहिलो. "मला कळलं नाही."

कोणीतरी हसलं. अवधूत म्हणाला, "काका, बसा, तुमचं हितेंद्र बघेल." मी हितेंद्रकडे पाहिलं. तो म्हणाला, "सही बाबा करणार आहेत. त्यांनाच समजलं पाहिजे." हे त्याने चारचौघांत म्हटलं.

मी म्हटलं, "मला कळलं नाही, हे मी सांगतोय. ज्यांना कळलं त्यांनी हात वर करा."

साठ खोल्या. एक हात वर नाही. बाबुराव म्हणाला, "अरे, शिकलेलो वकील हा, बरोबरच लिवलेला आसतला."

मी पुढे जाऊन वकिलाच्या हातातला कागद घेतला. म्हटलं, मी गाऱ्हाण्यासारखं वाचतो. व्हय म्हाराजा म्हटल्याशिवाय पुढे नाही. वकील म्हणाला, "हे काय कीर्तन आहे का?" मी म्हटलं, कीर्तनात ऐकणारा झोपला तरी चालतं साहेब. गाऱ्हाण्यात उत्तर द्यावं लागतं.

बोट ओळीवर ठेवलं. श्वास घेतला.

"ह्या भगवती निवासातले सगळे भाडेकरू..."

"व्हय म्हाराजा!"

"इमारत पाडायला राजीखुशीने संमती देत आहेत..."

"व्हय म्हाराजा!"

"नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत खोल्या रिकाम्या करतील..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि विकासक त्या बदल्यात प्रत्येकाला नवी जागा देईल..."

या व्हयला कबुतरं उडाली.

"ती ह्याच ठिकाणी..."

"व्हय म्हाराजा!"

"अथवा विकासकास सोयीचे वाटेल अशा अन्य ठिकाणी..."

"व्हय म्हाराजा!"

चाळ एका सुरात ओरडली. आणि खरं सांगतो, वहीशी खोटं बोलून काय करू? मलाही कळलं नव्हतं. मी तालात होतो. पूजेला मागच्या रांगेत बसलेल्या त्या दोघांसारखाच. बोट पुढच्या ओळीवर गेलं होतं.

तेवढ्यात मागून, बायकांतून, आवाज आला.

"नाय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात 'नाय' कोणी म्हणत नाही. माझ्या बापाच्या काळापासून कोणी म्हटलेलं नाही. सगळ्या माना मागे वळल्या. ही उभी होती. पदर खोचलेला.

"परत वाचा," ती म्हणाली. "शेवटचो तुकडो."

मी परत वाचला. "अथवा विकासकास सोयीचे वाटेल अशा अन्य ठिकाणी."

यावेळी कोणी व्हय म्हटलं नाही. बाबुरावाने डोळे उघडले. "अन्य ठिकाणी म्हणजे खय?" त्याने विचारलं. कोणाला विचारलं कोण जाणे. अवधूत वकिलाकडे बघायला लागला. त्यानेही तो करार वाचलेला नव्हता, हे त्याच्या तोंडावरच लिहिलं होतं.

वकील म्हणाला, "ती एक औपचारिक ओळ आहे. सगळ्या करारांत असते. तुम्ही पुढे वाचा."

मी म्हटलं, "व्हय आलं नाही. पुढे नाही."

मग ही बोलली. कशी बोलली! "अवो वकीलसायबानू, ती वळ नुसती दाखवची आसात तर आताच्या आता खोडून टाका आणि खोडूची नसात तर आमची पोरांबाळां घेवन आमी खय जातलो ता नकाशार बोट ठेवन दाखवा, पोरांची शाळा हय, माझी देवळाची वाट हय, आणि तुमची सोय खय आसा ती ह्या चाळीत कोणाक म्हायत नाय!"

एका श्वासात. मला अर्धंच हाताला लागलं, बाकीचं हितेंद्रने नंतर तुकडे करून सांगितलं. पण दम्याचा मागमूस नव्हता.

सह्या झाल्या नाहीत. एकही नाही. अवधूतने कागद गोळा केले आणि माझ्याकडे आला. मान वर न करता म्हणाला, "काका, नवा मसुदा आला की तुम्हीच वाचा." मी म्हटलं, तू पण व्हय म्हणायला ये. आणि म्हणायच्या आधी ऐक.

हितेंद्रने जिन्यात मुखत्यारपत्राचा मसुदा काढला आणि चार तुकडे करून खिशात टाकला. घरी येऊन माझ्याजवळ बसला. म्हणाला, "बाबा... उद्यापासून..." आणि थांबला. मी म्हटलं, व्हय. "सकाळचा पेपर..." थांबला. व्हय रे. "मी वाचून दाखवू?" आता यालाही दम लागायला लागला. आईचा गेला तो पोराला आला, असं मी मनात म्हटलं.

पण तिचाही गेलेला नाही. चौकात एवढं बोलली, त्याचाच ताण आला असणार. घरात शिरल्या शिरल्या पुन्हा सुरू. "हात... धुवन घेवा..." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "बांगड्याचो सार... गरम केलंय..." परत बघत राहिली.

तिला मी परत डॉक्टरकडे नेणार, पण दुसऱ्या. तोवर मी एक ठरवलंय. तिने प्रत्येक तुकडा टाकला की मी मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणायचं. काल जेवताना तसंच केलं. ती तोंडाला पदर लावून हसली, पण बोलत राहिली. दम लागणाऱ्या बाईला तेवढाच आधार.